पटावरचे आरमार आणि समुद्रावरचे आरमार

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आमच्याकडचे मोठे पाणी म्हणजे गोदावरी आणि मांजरा. त्यांनी पाठ फिरवली की काय होते, हे आम्ही एप्रिल २०१६ मध्ये पाहिले. मिरजेहून आगगाडीच्या वाघिणींतून पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली होती. अशा मुलखातील मुले रात्री अभ्यास आटोपल्यावर अरबी समुद्रात विनाशिका चालवतात, पाणबुड्यांचा माग काढतात, हे प्रथम कानावर आले तेव्हा आम्हांला गंमत वाटली होती.

पुढे ती निव्वळ गंमत राहिली नाही. आमचा भाचा लातुरात शिकवणी-वर्गांसाठी खोली घेऊन राहतो. उन्हाळ्याच्या सुटीत तो नांदेडला आमच्याकडे आला आणि डॉक्टरकी नको, नौदलात अग्निवीर व्हायचे आहे, असे त्याने आपल्या आईला निक्षून सांगितले. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच, तोही मुंबईच्या चौपाटीवर उभे राहून पाहिलेला. परंतु ब्रह्मोसचा पल्ला किती, कोणत्या युद्धनौकेवर किती क्षेपणास्त्रे असतात, पाणबुडी किती खोल जाते, हे सारे त्याला तोंडपाठ. "हे कुठे शिकलास?" असे विचारताच तो निःसंकोचपणे म्हणाला, "खेळातून, मामा." त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, आम्हांला म्हणाली, "दादा, तू पुस्तकांची परीक्षणे लिहितोस. एकदा याच्या खेळांचेही परीक्षण कर, आणि त्यात खरे किती ते सांग."

प्रस्तुत लेख त्या सांगण्याचे फळ आहे. त्या सुटीत आम्ही भाच्याच्या शेजारी बसून हे खेळ पाहिले, काही स्वतः खेळलो आणि बहुतेक वेळा हरलो. खेळ हीसुद्धा एक रचना आहे. कादंबरीप्रमाणेच तिचा कर्ता जगातले काही उचलतो, काही टाकतो आणि उरलेल्याला जग म्हणून आपल्यापुढे ठेवतो. कादंबरीला जो प्रश्न आपण विचारतो तोच येथेही विचारला पाहिजे: या कर्त्याने काय टाकले? नौयुद्धाचे हे खेळ आजच्या नौदलांबरोबर चालत आहेत की मागे राहिले आहेत, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते त्या टाकलेल्या भागात आहे.

या खेळांचा उगम संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. जगातील युद्धनौकांची माहिती देणारा 'जेन्स' हा ग्रंथ आजही नौदलांच्या ग्रंथालयांत असतो. तो काढणाऱ्या फ्रेड जेन या इंग्रज गृहस्थाने १८९८ साली ग्रंथ आणि नौयुद्धाच्या खेळाचे नियम अशा दोन्ही गोष्टी प्रसिद्ध केल्या. म्हणजे जहाजांची सारणी आणि जहाजांचा खेळ ही एकाच घरातली भावंडे आहेत. तोफेचा पल्ला, चिलखताची जाडी, नौकेचा वेग हे आकडे आधी जमवायचे आणि मग त्यांची झुंज लावायची, ही रीत तेव्हा पडली. आज ही झुंज संगणक लावतो. रीत तीच आहे.

१९८० साली अमेरिकी नौदलात काम केलेल्या लॅरी बाँड यांनी 'हार्पून' हा खेळ रचला. आरंभी तो कागदावरचा होता. १९८९ मध्ये तो संगणकावर आला. टॉम क्लॅन्सी यांनी 'रेड स्टॉर्म रायझिंग' ही १९८६ ची कादंबरी बाँड यांच्या साहाय्याने लिहिली, तेव्हा तिच्यातील नौयुद्धे या खेळावर ताडून पाहिली होती. पुढे १९९९ मध्ये 'जेन्स फ्लीट कमांड' आणि २००५ मध्ये 'डेंजरस वॉटर्स' हे खेळ आले. ते करणारी सोनॅलिस्ट्स ही संस्था अमेरिकी नौदलासाठीही काम करणारी होती. २०१३ मध्ये 'कमांड' हा खेळ निघाला आणि २०१९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जवळजवळ सर्व देशांची जहाजे, विमाने आणि अस्त्रे त्याच्या साठ्यात आहेत. आपल्या नौदलाचीही आहेत. त्याची एक स्वतंत्र आवृत्ती निरनिराळ्या देशांची संरक्षण खाती व्यावसायिक कामासाठी वापरतात.

या सर्वांत गुणवत्तेने आम्ही 'डेंजरस वॉटर्स' आणि 'कमांड' यांना वरचे स्थान देऊ. 'डेंजरस वॉटर्स'मध्ये रशियन बनावटीची किलो जातीची पाणबुडी चालवता येते. आपल्या सिंधुघोष वर्गातील पाणबुड्या याच जातीच्या. या खेळात शत्रू दिसत नाही, ऐकू येतो. पाण्याच्या उबदार थराखाली आवाज वाकतो, आपण वेग वाढवला की आपलाच आवाज आपल्याला बहिरा करतो, आणि समोरचे जहाज मालवाहू आहे की युद्धनौका हे ठरवायला पाऊण तास लागतो. भाचा या खेळाला कंटाळला. आम्हांला मात्र येथे पहिल्यांदा समुद्राचा वास आला.

'कमांड'चे रूप अगदी रूक्ष आहे. नकाशा आणि त्यावरच्या खुणा, बाकी काही नाही. परंतु २०१७ च्या एका पुरवणीत त्याने एक मोलाची भर घातली. लढाईत दळणवळण तुटू शकते. ते तुटले की आपलेच जहाज आपल्या हाताबाहेर जाते; ते कोठे आहे आणि काय पाहत आहे, हे खेळणाऱ्याला कळेनासे होते. सेनापतीला सारे ठाऊक असते, हा बहुतेक खेळांचा भ्रम येथे थोडा तरी मोडला आहे.

याच्या उलट टोकाला मुलांमध्ये सर्वाधिक खपणारे खेळ आहेत. २०१५ पासून चालू असलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स'मध्ये बहुतांशी दोन महायुद्धांच्या काळातील नौका आहेत. दृश्ये देखणी, पण गोळा लागला की जहाजाच्या आयुष्यातून काही अंक वजा होतात आणि एक कळ दाबली की त्यांतले काही परत मिळतात. मोबाइलवरच्या खेळांत तर आधुनिक युद्धनौका दोन-चार किलोमीटरवरून एकमेकींवर क्षेपणास्त्रे सोडतात. गल्लीतल्या दगडफेकीला विनाशिकांचे कपडे चढवल्यासारखा हा प्रकार आहे. ब्रह्मोसचा पल्ला आरंभीच्या रूपातच २९० किलोमीटर होता आणि वेग ध्वनीच्या पावणेतीन पटींहून थोडा अधिक. लाटांलगत येणारे असे अस्त्र तीस किलोमीटरवर क्षितिजाआडून वर आले, तर जहाजाच्या हाती अर्धा मिनिट उरतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी खलाशी वर्षानुवर्षे तयारी करतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अस्त्रांच्या बाबतीत चांगले खेळ नौदलांच्या फारसे मागे नाहीत. नवे जहाज पाण्यात उतरले की त्याची नोंद साठ्यात होते. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सुरत, निलगिरी आणि वाघशीर या माझगाव गोदीत बांधलेल्या तीन नौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. असे आकडे जमवणारी मंडळी जगभर आहेत आणि ती चोख काम करतात. परंतु खरा पल्ला, रडारची खरी नजर, पाणबुडीचा खरा आवाज या गोष्टी कोणतेही नौदल उघड करीत नाही. त्यामुळे आजच्या नौकांचे चित्र अंदाजाने रंगवावे लागते, आणि जुन्या नौकांचे मात्र पुराव्याने रंगवता येते. म्हणूनच २०१७ चा 'कोल्ड वॉटर्स' हा गाजलेला खेळ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राथमिक रूपात बाहेर पडलेला 'सी पॉवर' हा देखणा खेळ, दोन्हीही अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या शीतयुद्धात रमलेले आहेत. तेथे दोन तुल्यबळ आरमारे समोरासमोर उभी असतात, नियम स्पष्ट असतात आणि शत्रू गणवेशात येतो.

आजचा शत्रू तसा येत नाही. १४ एप्रिल २०२२ रोजी काळ्या समुद्रातील रशियन ताफ्याचे प्रमुख जहाज 'मोस्कवा' बुडाले. ज्या युक्रेनने किनाऱ्यावरून त्याच्यावर क्षेपणास्त्रे डागली, त्याच्याकडे त्या वेळी नाव घेण्याजोगे आरमार उरले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच देशाने मानवरहित छोट्या होड्या धाडून रशियाच्या दोन युद्धनौका पाठोपाठ बुडवल्या. तांबड्या समुद्रात हूती बंडखोरांची काही हजार डॉलरांची ड्रोन पाडण्यासाठी लक्षावधी डॉलरांची क्षेपणास्त्रे खर्च करावी लागली. २३ डिसेंबर २०२३ रोजी तर 'केम प्लूटो' या व्यापारी जहाजावर पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोन आदळले; ते जहाज पुढे मुंबईला आणावे लागले. 'कमांड'सारख्या खेळांनी ही नवी साधने आपल्या साठ्यात घेतली आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही साठ्यात नवे नाव चढवणे आणि लढाईचा बदललेला स्वभाव ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा स्वभाव आपल्या राज्याने फार महाग किंमत देऊन ओळखला आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी 'कुबेर' नावाची मासेमारी नौका पळवून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कुलाब्यानजीकच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. देशाचे पश्चिम आरमार त्याच शहरात होते. त्या आरमाराजवळ विनाशिका होत्या, पाणबुड्या होत्या, क्षेपणास्त्रे होती. परंतु हजारो मासेमारी होड्यांतील एक होडी शत्रूची आहे, हे ओळखायला यांपैकी काहीही उपयोगी पडले नाही. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते. ३० नोव्हेंबरला त्यांनी पदाचा राजीनामा दिला. समुद्रावरून आलेल्या त्या संकटाची झळ समुद्र नसलेल्या लातूरलाही अशी पोचली. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली, सागर प्रहरी बल उभे राहिले आणि किनाऱ्यावरील सर्व माहिती एकत्र करणारे केंद्र २०१४ मध्ये गुरुग्रामला सुरू झाले. आधुनिक नौदलाच्या कामाचा केवढा तरी मोठा भाग हा असा आहे: कोणाची होडी, कोठून निघाली, कोठे चालली, याची पाहणी. आम्ही पाहिलेल्या खेळांत मासेमारी होड्या असतात. पण त्या अडथळा म्हणून असतात. चुकून बुडवल्या तर गुण कमी होतात, एवढेच.

नौदलाचे आणखी एक काम आहे आणि त्याला तर या खेळांत जवळजवळ जागाच नाही. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली. त्यावर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. आपली विनाशिका 'विशाखापट्टणम' तेथे गेली आणि तिच्यावरील दहा नौसैनिक त्या पेटलेल्या जहाजावर चढून सुमारे सहा तास आगीशी झुंजले. पुढे मार्च महिन्यात सोमाली चाच्यांनी पळवलेले 'रुएन' हे जहाज 'कोलकाता' या विनाशिकेने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले. चाळीस तासांहून अधिक काळ चाललेल्या त्या कारवाईत पस्तीस चाचे शरण आले आणि सतराही खलाशी सुखरूप सुटले. 'कोलकाता' आणि 'विशाखापट्टणम' या दोन्ही नौका मुंबईच्या माझगाव गोदीत घडलेल्या. त्यांच्यावरच्या सोळा-सोळा ब्रह्मोसांची माहिती भाच्याला होती. या दोन घटना मात्र त्याने ऐकल्या नव्हत्या. आम्ही त्याला त्या सांगितल्या तेव्हा तो म्हणाला, "पण मामा, यात लढाई कुठे आहे?"

या प्रश्नाला आम्ही किल्लारीचे उत्तर दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतरच्या दिवसांत लष्कराचे जवान पावसात ढिगारे उपसत होते. मराठवाड्यातील एका पिढीच्या आठवणीतला सैनिक म्हणजे हातात फावडे घेतलेला माणूस आहे. त्या कामाला कोणी लढाई म्हणत नाही आणि त्याचे गुणही कोणी मोजत नाही. पण ते काम करणाऱ्याला सैनिक नाही तर काय म्हणावे?

खेळांतला आम्हांला जाणवलेला सर्वांत मोठा दोष 'आघात' या शब्दाशी निगडित आहे. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात 'शेफील्ड' या ब्रिटिश विनाशिकेला एकच एक्झोसे क्षेपणास्त्र लागले. आग विझवण्याच्या पाण्याची मुख्य नळीच निकामी झाली, धुराने जहाज भरून गेले, वीस माणसे मेली आणि सहा दिवसांनी ते जहाज बुडाले. पाच वर्षांनंतर इराणच्या आखातात 'स्टार्क' या तिच्याहून लहान अमेरिकी फ्रिगेटला तशीच दोन क्षेपणास्त्रे लागली. सदतीस माणसे मेली, पण उरलेल्यांनी रात्रभर झुंजून जहाज तरते ठेवले. सारणीत पाहिले तर दोन आघातांचे जहाज बुडायला हवे होते आणि एका आघाताचे वाचायला हवे होते. प्रत्यक्षात जे घडले ते सारणीत मावणारे नव्हते.

लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी' हे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे जहाजाच्या पोटासारखे एक दालन बांधलेले आहे. ते डोलते, त्याच्या भिंतींतील भगदाडांतून जोराने पाणी आत शिरते, आणि गळाभर पाण्यात उभे राहून लाकडी पाचरी, कापड आणि आधाराचे खांब ठोकून ती भगदाडे बुजवायला नौसैनिकांना शिकवतात. हेही सिम्युलेशनच आहे. किंबहुना आमच्या मते तेच पहिल्या प्रतीचे. त्यात शत्रू नाही, अस्त्र नाही, विजय नाही. थंड पाणी आहे, आणि शेजारच्या माणसावर विसंबणे आहे. घरच्या पडद्यावरच्या खेळांत नेमकी हीच गोष्ट एका कळीत संपते.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर 'खुकरी' ही आपली फ्रिगेट पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने बुडवली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्याआधी पाचच दिवसांपूर्वी 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर धडक मारली होती. तोच ४ डिसेंबर आपण नौदल दिन म्हणून पाळतो. त्या नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घडवलेल्या. त्यांचा पल्ला पाहून कोणत्याही सारणीने त्यांना कराचीच्या वाटेला जाऊ दिले नसते. मोठ्या नौकांच्या साथीने त्यांना शत्रूच्या दारापर्यंत न्यावे, ही कल्पना माणसांची होती. विजय आणि शोक या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच समुद्रावर घडल्या. आपण एक दिन पाळतो. खुकरीच्या स्मारकासाठी दीवला जावे लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की खेळ म्हणजे पोरखेळ, आणि खरी नौदले त्यापासून दूर असतात. तसे मुळीच नाही. खरी नौदलेही खेळतात आणि त्यांचे खेळही फसतात. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा पटावर सराव केला. फाशांच्या कौलानुसार 'आकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. सरावाचे प्रमुख अ‍ॅडमिरल उगाकी यांनी नऊ आघातांचे तीन केले. 'आकागी' वाचली, आणि 'कागा' बुडूनही पुढच्या डावात पुन्हा पटावर आली. महिनाभराने, ४ जूनला, प्रत्यक्ष समुद्रावर त्या दोन्ही नौकांचा घात झाला आणि त्यांच्यासोबत आणखी दोन विमानवाहू नौका गेल्या. तेथे आघात कमी करणारे कोणी नव्हते.

साठ वर्षांनी अमेरिकेनेही तेच केले. २००२ च्या उन्हाळ्यात सुमारे पंचवीस कोटी डॉलर खर्चून झालेल्या एका सरावात शत्रूची भूमिका निवृत्त सेनाधिकारी पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी निरोप मोटारसायकलस्वारांकरवी धाडले, छोट्या होड्या आणि क्षेपणास्त्रे यांचा एकदम मारा केला आणि विमानवाहू नौकेसह सोळा जहाजे बुडवली. पंचांनी ती जहाजे पुन्हा तरंगवली आणि सराव पुढे चालू ठेवला. छोट्या होड्यांच्या ज्या धोक्याने पुढे काळ्या समुद्रात खऱ्या युद्धनौका बुडाल्या, तो त्या सरावात आधीच दिसला होता. खेळ नौदलाच्या वीस वर्षे पुढे गेला होता. नौदलाला ते पाहायचे नव्हते.

याच्या विरुद्ध उदाहरणही आहे आणि आम्हांला ते फार प्रिय आहे. १९४२ च्या जानेवारीत जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद तोडत असताना लिव्हरपूल येथे गिल्बर्ट रॉबर्ट्स या क्षयरोगामुळे निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला एक खोली देण्यात आली. नौदलाच्या महिला दलातील तरुण मुली हाताशी घेऊन त्याने जमिनीवर खडूने समुद्र आखला. समुद्रावरून आलेल्या कप्तानांना तो पडद्याआड उभे करी. पडद्याच्या फटीतून त्यांना जहाजावरून दिसेल तेवढेच दिसे. पाणबुड्या काफिल्याच्या आत शिरून मारा करतात, ही गोष्ट या खेळातून उघडकीस आली आणि तिच्यावरचा तोडगाही तेथेच निघाला. विशीतल्या मुलींकडून हरण्याची ज्यांची तयारी होती, ते कप्तान शिकून गेले. ती फट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या खेळात जहाजांची चित्रे नव्हती, आवाज नव्हते. परंतु आपल्याला किती थोडे दिसते, याचे भान होते. आपले नौदल युद्ध महाविद्यालय १९८८ साली उरणजवळच्या करंजा येथे सुरू झाले आणि २०११ मध्ये गोव्याला गेले. तेथेही युद्धखेळ हा अभ्यासाचा भाग आहे. त्या पटावर बुडालेली जहाजे बुडालेलीच राहोत, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून आमचा निर्णय असा. हे खेळ लोखंडाच्या बाबतीत नौदलांबरोबर चालतात आणि माणसांच्या बाबतीत मागे राहतात. हे मागे राहणे केवळ तांत्रिक नाही. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या आणि त्यांसोबत चित्रफिती आमच्या नांदेड-लातूरच्या घराघरांत मोबाइलवर फिरल्या. कराचीवर तसा हल्ला झालाच नव्हता. त्या दिवसांत युद्धाच्या म्हणून फिरलेल्या काही चित्रफिती तर चक्क संगणकीय खेळांतल्या होत्या. मोठी, शिकलेली माणसे टाळ्या पिटत ते पुढे पाठवत होती. नौदल त्या वेळी समुद्रात सज्ज उभे होते, आणि ते न झाडलेल्या अस्त्रांसह परतले. युद्ध पाहण्याची आमची नजर खेळांनी इतकी घडवली आहे की तोफ न उडवता परतलेले नौदल आम्हांला विजयी वाटेनासे झाले आहे.

मुलांकडून खेळ हिसकावून घ्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. आईवडिलांनी मुलांच्या शेजारी बसून तीन प्रश्न विचारावेत. या खेळात तुला सगळे दिसते का, की जहाजावरच्या माणसाला दिसेल तेवढेच दिसते? जहाज बुडाले की त्यावरची माणसे कोठे जातात? आणि न लढता जिंकण्याची एखादी वाट या खेळात आहे का? जो खेळ या प्रश्नांपुढे अडखळतो, तो खेळू नये असे नाही. तो आपल्याला काय सांगत नाही, हे लक्षात ठेवून खेळावा.

भाच्याचा निश्चय अजून मोडलेला नाही, आणि तो मोडावा अशी आमचीही इच्छा नाही. अग्निवीर म्हणून निवड झालीच, तर त्याला ओडिशातील 'आयएनएस चिल्का' येथे शिकायला जावे लागेल, चार वर्षांनी त्याच्या तुकडीतले चौथ्या हिश्शाहून अधिक पुढे कायम होतीलच असे नाही, हे सारे आम्ही त्याला आणि आमच्या बहिणीला सांगितले. जाण्याच्या आदल्या रात्री तो पुन्हा एकदा पाणबुडीचा खेळ लावून बसला होता. या वेळी त्याने काळ पुढे पळवण्याची कळ दाबली नाही. पाऊण तास तो कानाला यंत्र लावून अंधारात काही ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामा, मालवाहू जहाज आहे. सोडून देतो."